सिलिंडर नंबर असताना टोरिक लेन्स टाकली तर चष्मा पूर्ण सुटतो का?

आईला मोतीबिंदू आहे, सिलिंडर (डोळ्याच्या वाकड्या आकारामुळे येणारा नंबर) २.२५, डॉक्टर टोरिक लेन्स, म्हणजे सिलिंडरही भरून काढणारी लेन्स, सांगतायत, चष्मा सुटेल का असं विचारलंय तुम्ही. लांबचा बहुतेक सुटतो, पेपर वाचायला लागणारच. पण आधी हे विचारा की २.२५ चष्म्याचा का कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा), कारण चष्म्याच्या नंबरात आतल्या खराब लेन्सचाही वाटा असतो आणि ती तर काढूनच टाकतात. टोरिक ठरते ती कॉर्नियाच्या मापावरून.

आमच्याकडे यावरून महाभारत झालंय म्हणून एवढं लिहितेय. सासूबाईंचा उजवा डोळा आधी केला. माझे दीर औषध कंपनीत एमआर, म्हणजे घरातले डॉक्टरच! ते म्हणाले टोरिकबिरिक सगळा धंदा आहे, मेडिक्लेममध्ये बसते ती साधी लेन्स टाका. टाकली. मोतीबिंदू गेला, उजेड स्वच्छ दिसायला लागला, सासूबाई खूश. पण टीव्हीवरच्या बातम्यांची पट्टी काही वाचता येईना, प्रत्येक अक्षराला सावली, ३ आणि ८ सारखेच. चष्मा लावला की मात्र ठीक. भाऊजींचं एकच पालुपद, थांबा, डोळा हळूहळू जुळवून घेतो. कशाने जुळवेल? कॉर्नियाचा आकार वाकडा तो वाकडाच, साधी लेन्स त्याचं काही करत नाही.

डाव्या डोळ्याच्या वेळी मी गेले सोबत आणि टोरिकच घ्यायला लावली, वरचे पैसे आम्ही भरले. आत न्यायच्या आधी त्यांना ताठ बसवून डोळ्याच्या कडेला शाईच्या खुणा केल्या, कारण आडवं झाल्यावर डोळा स्वतःभोवती थोडा फिरतो आणि अॅक्सिस, म्हणजे लेन्स ज्या कोनात बसवायची तो, चुकतो. या लेन्सचं सगळं त्या अॅक्सिसवर आहे. एक अंश सरकली की साधारण ३ टक्के परिणाम कमी, ३० अंश सरकली तर टोरिक घातली काय न घातली काय. सरकते तीही बहुतेक पहिल्या दिवशीच, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची तपासणी अजिबात चुकवू नका, सरकली असेल तर पहिल्या एकदोन आठवड्यांत फिरवून जागेवर आणता येते, नंतर ती आत चिकटून बसते मग अवघड.

आता उजवा डोळा झाकला की त्या ती पट्टी सोफ्यावरून वाचतात, डावा झाकला की चष्मा शोधतात. यावर भाऊजी म्हणतात डावा डोळा पहिल्यापासूनच चांगला होता! अहो, दोन्ही कॉर्नियांचं माप जवळपास सारखं आहे, कागद फाईलला लावलेत, कधीही या आणि बघा.

हां, सगळ्यांनाच टोरिक लागते असं नाही. कॉर्नियाचा सिलिंडर पाऊणच्या आतबाहेर असेल तर बऱ्याचदा गरज नसते. केरॅटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं) असेल, डोळ्यात मांस वाढलं असेल किंवा डोळे फार कोरडे असतील तर मापच भरवशाचं येत नाही, आधी ते बघावं लागतं. शुगरमुळे पडदा खराब असेल तर कितीही महाग लेन्स टाका, नजर पडद्याएवढीच येणार. आणि टोरिक मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी) घ्या म्हणून मागे लागले तर रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात का ते आधी स्पष्ट विचारा, आम्ही ती घेतली नाही.