रत्नागिरीत मॉडेल रेल्वे क्लब काढतोयस ना?
तिघे-चौघे जमले तरी सुरू कर, पण आधी सगळ्यांनी एकच स्केल ठरवा. मी एचओ म्हणेन: १:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. रूळ निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचेच घ्या. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी रूळ गंजतात, मग इंजिनाला रुळांतून वीज नीट मिळत नाही आणि गाडी अडखळते. मांडणी प्लायवूडच्या सुट्या तुकड्यांत करा, म्हणजे टेम्पोतून नेता येते. सांध्यांची उंची मात्र सारखी हवी.

पहिलं प्रदर्शन गणपतीतच ठेव, चाकरमानी गावी आलेले असतात. आणि कोकण रेल्वेचा पानवलचा पूल कराच! खरा ६४ मीटर उंच, या स्केलमध्ये साधारण ७४ सेंटिमीटर. पोरं तिथून हलणार नाहीत. इन्व्हर्टरचं आधीच बघून ठेव.