दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलांबरोबर घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून काय करता येईल?

आपली मुलगी ४ वर्षांची आणि मुलगा ६ वर्षांचा आहे, घर तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे अंगण नाही, आणि बाजारातून साहित्य न आणता मुलांच्या हातून दिवाळीसाठी काहीतरी घडावे, अशी आपली इच्छा आहे. माझे उत्तर एकाच शब्दाचे आहे : किल्ला.

जुन्या लग्नपत्रिकांची तोरणे आणि रद्दीचे आकाशकंदील आपल्याला अनेकजण सुचवतील. आम्हीही ते करून पाहिले. परंतु या वयात कात्री सरळ चालत नाही, कागद तिरका कापला गेला की आपलाच हात पुढे होतो, आणि अर्ध्या तासाने आईबाबा कंदील चिकटवत बसलेले असतात व मुले पलंगाखाली गाडी फिरवत असतात. चिखलाच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण वेडावाकडा थापलेला चिखल हाच तर डोंगर असतो.

गॅलरीचा एक कोपरा पुरेसा होतो. तेथे जाड प्लास्टिक अंथरून त्यावर पुठ्ठ्याची खोकी, फुटलेली कुंडी आणि उपडा घातलेला जुना डबा असा उतरंडीसारखा ढीग रचावा. ढिगावर टाकायला गोणपाट नसल्यास विरलेली सुती चादर किंवा टॉवेल चालतो. वाळून गेलेल्या कुंड्यांतली माती चाळून, ती ताकापेक्षा थोडी दाट कालवून त्यात कापड बुडवावे व ढिगावर टाकावे. त्याच्या सुरकुत्या पडतात त्या तशाच राहू द्याव्यात. कडे आणि घळी त्यांतूनच तयार होतात. त्यावर चिखल थापणे हे काम मुलांचे, आणि ते सर्वस्वी त्यांचेच असावे.

आता डोंगरावरच्या हिरवळीसाठी अळीव. बहुतेक घरी मोहरी कोरडीच फेकली जाते, ती उतारावरून घरंगळून पायथ्याशी गोळा होते आणि सगळी झाडी तेथेच उगवते. अळीव पाण्यात अर्धा तास भिजवले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते, आणि मग मुलीने मूठभर अळीव उभ्या कड्यावर नुसते थापले तरी ते तेथेच चिकटून राहतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरे मोड दिसतात व आठवडाभरात दोन बोटे उंचीची हिरवळ होते, म्हणून वसुबारसेच्या सहा-सात दिवस आधी पेरणी व्हायला हवी. पाणी ओतू नये, हाताने शिंपडावे. आमच्याकडे पहिल्या वर्षी धाकट्याने प्रेमाने तांब्याभर पाणी ओतले आणि निम्मा डोंगर गॅलरीतल्या पाणी जाण्याच्या जाळीत जाऊन बसला. तो तुंबलेला चिखल काढण्यात माझी नरकचतुर्दशी गेली. तेव्हापासून मी जाळीवर जुना पायमोजा बांधून ठेवतो.

कोणता किल्ला करावा, असा प्रश्न पडेल. माझी शिफारस राजगडाची आहे. मधोमध बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या, असा त्याचा आकार एक डबा व तीन लांबट खोकी मांडली तरी ओळखू येतो. सुवेळा माचीवर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. फॉइलच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी कापून ती तेथे आडवी बसवली की मुले दिवसभर त्यातून बोट घालत बसतात. करवंटीचे तळे, काडेपेट्यांचा दरवाजा, बाटल्यांच्या झाकणांच्या ढाली, असे बाकीचे सारे मुलांना आपोआप सुचत जाते. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले घेतले, त्यांत राजगड आहेच. त्यामुळे पुढील बरीच वर्षे विषय शोधावा लागणार नाही. सिंधुदुर्ग घ्यायचा असेल तर मात्र पाण्याने भरलेले घमेले लागेल.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ करावी : एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी घेऊन मंद आचेवर घोटावे. किडा लागू नये म्हणून जुनी माणसे तिच्यात मोरचूद घालत. ते विषारी असल्यामुळे मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत घालू नये. पणती पायथ्याशी उघड्या जागेतच लावावी, कारण आतला पुठ्ठा कोरडा असतो व कडेने वाळलेले कापडही पेट घेऊ शकते.

तुळशीचे लग्न झाल्यावर माती पुन्हा कुंड्यांत भरावी, अळिवाच्या मुळ्या झटकून चादर धुवावी आणि वाळवून माळ्यावर टाकावी. आमची चादर यंदा चौथा डोंगर होणार आहे.