वाचकांचे प्रश्न : घरच्या सरावाला कोणती बेस गिटार घ्यावी?

बेस गिटारच्या घरगुती सरावाविषयी आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न या वेळी उत्तरांसाठी निवडले आहेत. बाकीच्या पत्रांतील मुद्देही याच उत्तरांत यावेत असा प्रयत्न केला आहे.

प्रश्न : मी हौशी वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. माझ्याकडे ३४ इंच स्केलची चार तारांची, बॅटरीवर चालणारी पाच तारांची आणि ३० इंच स्केलची छोटी अशी तीन वाद्ये आहेत. कार्यक्रमात मी पहिले वाद्य वाजवतो, पण घरी हात नेहमी छोट्या गिटारकडेच जातो. यामुळे सरावाचे नुकसान होते का? अनुभवी वादक घरी कोणते वाद्य घेतात?

उत्तर : अनुभवी वादक घरी जे वाद्य उचलतात, ते बहुधा त्यांच्याकडचे सर्वांत महागडे वाद्य नसते. पेटीबाहेर स्टँडवर उभे असलेले, वजनाला हलके, सुरात टिकणारे आणि हाताच्या अंतरावर असलेले वाद्यच रोज वाजते. पेटी उघडणे, केबल जोडणे, अँप (आवाज मोठा करणारे यंत्र) सुरू करणे, बॅटरी तपासणे असे सोपस्कार करावे लागले की दिवसातली मोकळी पंधरा-वीस मिनिटे सरावाविनाच निघून जातात, आणि बेसवादकाचा हात तर पुष्कळदा अशा तुकड्यातुकड्यांच्या सरावावरच तयार होत असतो. त्यामुळे आपला हात छोट्या गिटारकडे वळतो यात आळस शोधण्याचे काही कारण नाही. त्या वाद्यावर कशाचा सराव करावा आणि कशाचा टाळावा, एवढेच ठरवावे लागेल.

ते ठरवण्यासाठी दोन्ही वाद्यांतला फरक मोजून पाहणे उपयोगाचे आहे. अमेरिकी गिटार-निर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस ही गिटार बाजारात आणली, तेव्हा तिची स्केल, म्हणजे नट (मानेच्या, अर्थात लांब दांडीच्या, टोकाची खाचांची पट्टी) आणि ब्रिज (धडावरचा तारांचा आधार) यांच्यामधली तारेची कंप पावणारी लांबी, ३४ इंच ठेवली आणि पुढे बहुतेक निर्मात्यांनी तेच माप स्वीकारले. या मापावर पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर सुमारे १३० मिलिमीटर भरते, तर ३० इंचांच्या स्केलवर ते सुमारे ११४ मिलिमीटर असते. सोळा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, परंतु तर्जनी आणि करंगळी फाकवून धरताना हा फरक लगेच जाणवतो. छोट्या स्केलवर एका फ्रेटला एक बोट ही पद्धत नटजवळच्या फ्रेटांवरही सहज जमते. मोठ्या स्केलवर मात्र पुष्कळ वादक तेथे डबल बेस या व्हायोलिनच्या घाटाच्या उभ्या, मोठ्या वाद्याच्या परंपरेतील फ्रांत्स सिमांडल यांच्या पद्धतीने तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या आधाराने करंगळी वापरतात, आणि चौथ्या फ्रेटसाठी हातच सरकवतात. म्हणजे एकाच ओळीसाठी दोन वाद्यांवर बोटांची मांडणी निराळी होऊ शकते, आणि घरी पक्की केलेली मांडणी कार्यक्रमात उपयोगी पडेलच असे नाही.

दुसरा फरक ताणाचा आहे. त्याच जाडीची तार त्याच स्वरात लावली, तर ३० इंचांच्या स्केलवर तिचा ताण ३४ इंचांच्या तुलनेत सुमारे २२ टक्के कमी भरतो. तार बोटाला मऊ लागते, छेडल्यावर अधिक रुंद कंप पावते आणि जोर जास्त झाला तर स्वर क्षणभर चढा ऐकू येतो. त्यामुळे छोट्या वाद्यावर उजवा हात हलका पडायला शिकतो. ही सवय एरवी चांगलीच असते, पण मोठ्या वाद्याच्या ताठ तारेवर तोच हात कमी पडतो असेही कधी कधी घडते.

यावरून कामाची वाटणी करता येते. गाण्याची बांधणी समजून घेणे, कानाने ऐकून ओळ उतरवून घेणे, कॉर्डमधले स्वर वेगवेगळ्या जागी शोधणे, मेट्रोनोमच्या, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्राच्या, साथीने लय पक्की करणे ही कामे मुख्यतः कानाची आणि बुद्धीची आहेत. ती छोट्या गिटारवर निःशंकपणे करावीत. हात एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर नेमका किती सरकवायचा, कोणत्या तारेवर किती जोर द्यायचा, पट्टा गळ्यात अडकवून उभ्याने तासभर वाजवताना खांदा आणि मनगट कसे ठेवायचे, हे मात्र ज्या वाद्यावर कार्यक्रम करायचा त्याच वाद्यावर बसते. कार्यक्रमाच्या आधीचा आठवडाभर तरी छोटी गिटार पेटीत ठेवून मोठी स्टँडवर काढावी, आणि त्या दिवसांत निदान काही वेळ पट्ट्याची उंची कार्यक्रमात असते तेवढीच ठेवून उभ्यानेच वाजवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

छोट्या स्केलला दुय्यम समजण्याची पद्धत मात्र मला पटत नाही. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांच्या हाती जगभर पोहोचलेली हॉफनर ५००/१ ही छोट्या स्केलचीच गिटार आहे, आणि फेंडरने १९६६ साली आणलेली ३० इंची मस्टँग बेस आजही ध्वनिमुद्रणात वापरली जाते. एखाद्याने आयुष्यभर छोटे वाद्यच वाजवायचे ठरवले, तर त्याच्या संगीतात काही उणे राहील असे मानण्यास आधार नाही.

आपल्या पाच तारांच्या वाद्याविषयी एकच गोष्ट सांगतो. ते कधीतरीच वाजवत असाल तर त्याला घरी थोडा का होईना, नियमित वेळ द्यावा, कारण सर्वांत जाड तार नको तेव्हा गप्प ठेवण्याची अंगठ्याची सवय चार तारांच्या वाद्यावर तेवढी लागत नाही.

प्रश्न : मी रात्री उशिरा सराव करते. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून अँपशिवायच वाजवते, पण आवाज फारच बारीक येतो. अकूस्टिक बेस गिटार घेतल्यास हा प्रश्न सुटेल का?

उत्तर : काही प्रमाणात सुटेल, पण आपल्याला अपेक्षित असलेला खर्ज त्यातून मिळणार नाही. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की तिची मूळ कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ असते, आणि हवेत त्या स्वराची तरंगलांबी आठ मीटरांहून थोडी अधिक भरते. एवढी लांब लाट हवेत जोमाने ढकलायची तर वाद्याचे पोट फार मोठे लागते. डबल बेसचा आकार तेवढा अवाढव्य असण्याचे हेही एक कारण आहे. १९७२ साली आलेल्या अर्नी बॉल यांच्या अर्थवूड या अकूस्टिक बेसचे पोट याच हेतूने नेहमीच्या गिटारपेक्षा खूप मोठे आणि खोल केले होते. आज मिळणाऱ्या बहुतेक अकूस्टिक बेस गिटारी मांडीवर सहज मावतील एवढ्याच असतात. त्यांतून तारेचे वरचे उपस्वर चांगले ऐकू येतात, पण मूळ स्वर क्षीणच राहतो. आपला कान उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखून घेतो, म्हणून सूर कळतो, एवढेच.

अँपशिवाय वाजवण्याचा खरा धोका मला वेगळाच दिसतो आणि त्याकडे फार थोडे जण लक्ष देतात. आवाज बारीक येतो म्हणून उजवा हात नकळत जोर वाढवत जातो आणि काही महिन्यांत तीच त्याची नेहमीची पट्टी होऊन बसते. मग अँप लावला की प्रत्येक स्वर फ्रेटवर आपटल्यासारखा वाजतो. शिवाय ज्या तारा आपण छेडत नाही त्याही शेजारच्या तारेच्या कंपाने हळूच बोलू लागतात, आणि एक तार सोडून दुसरीवर जाताना पहिली मागे गुणगुणत राहते. हा गोंधळ अँपशिवाय जवळजवळ ऐकूच येत नाही. बेसवादनातली निम्मी स्वच्छता नको त्या तारा गप्प ठेवण्यात असते, आणि दोष ऐकूच येत नसेल तर तो दुरुस्त होणार कसा?

म्हणून रात्रीच्या सरावासाठी दुसरे वाद्य घेण्याआधी आहे त्याच वाद्याला हेडफोन जोडावा. गिटारच्या सॉकेटमध्ये थेट बसणारे छोटे हेडफोन अँप किंवा संगणकाला जोडायचे ऑडिओ इंटरफेस, यांपैकी काहीही चालेल. हेडफोन कान पूर्ण झाकणारा असावा आणि त्याचा आवाज बेताचाच ठेवावा, कारण खर्ज अधिक ऐकू यावा म्हणून आवाज वाढवण्याचा मोह होतो आणि मग वरचे स्वरही तेवढेच कानावर आदळतात. स्पीकरचा आवाज कमी करून भागेल असेही समजू नये. खर्जाचे स्वर भिंती आणि फरशीतून पलीकडे पोहोचतात, आणि आपल्या खोलीत जेमतेम ऐकू येणारा स्वर शेजारच्या खोलीत धमधम म्हणून जाणवू शकतो.

हेडफोन हाताशी नसेल तेव्हा गिटारचे टोक लाकडी कपाटाला किंवा टेबलाला हलकेच टेकवून वाजवून पाहावे. कपाटाचे मोठे फळकूट तारेचा कंप घेऊन बोलू लागते आणि स्वर आश्चर्य वाटावे इतका भरदार होतो. नवीन ओळ पाठ करताना ही युक्ती चांगली उपयोगी पडते.

प्रश्न : घरच्या सरावासाठी गुळगुळीत, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा लावाव्यात की खरखरीत राउंडवाउंड?

उत्तर : घरी एकच वाद्य बाहेर राहणार असेल, तर त्यावर फ्लॅटवाउंड तारा लावाव्यात याकडे माझा कल आहे. बोट सरकताना होणारा खरखराट त्यांवर फार कमी होतो, बोटांची टोके लवकर हुळहुळत नाहीत, आणि या तारांच्या स्वरात मुळात फारशी चमक नसल्याने ती उतरण्याचा प्रश्नही येत नाही. म्हणून त्या वर्षानुवर्षे बदलाव्या लागत नाहीत. डेट्रॉइटमधील मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत ज्यांची बेस ऐकू येते ते जेम्स जेमरसन १९६२ सालच्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड तारा लावत, त्या बहुधा तुटल्याशिवाय बदलत नसत, आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असल्याने स्वर फार लांबत नसे. ब्रिजजवळ तारांखाली असा फोमचा तुकडा सरकवून घरी जरूर वाजवून पाहा. स्वर लवकर मावळतो, त्यामुळे प्रत्येक स्वर तालाच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर पडला हे लख्ख कळते, आणि लयीच्या सरावाला त्याइतके प्रामाणिक साधन मला दुसरे माहीत नाही.

अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याची शैली शिकायची असेल, तर मात्र राउंडवाउंडच हव्यात. फ्लॅटवाउंडवर तो धातूचा लखलखाट उमटत नाही. आणि फ्रेट नसलेली गिटार असेल तर राउंडवाउंड तारा लाकडी फिंगरबोर्ड झिजवतात, हे लक्षात ठेवावे. बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या फ्रेट काढलेल्या जॅझ बेस या फेंडर गिटारच्या फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा कठीण थर दिला होता, तो याच तारांसाठी.

प्रश्न : संगणकाजवळ बसून वाजवताना माझ्या जॅझ बेसमधून सतत गुणगुण ऐकू येते. वाद्यात बिघाड आहे का? आणि बॅटरीची गिटार घरी वापरावी का?

उत्तर : बहुधा बिघाड नाही. जॅझ बेसच्या दोन्ही पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा कंप विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागांमध्ये, प्रत्येकी तारेचे एकच वेटोळे असते आणि ते आजूबाजूच्या विद्युत उपकरणांचा गुंजारव पकडते. दोन्ही पिकअपचा आवाज सारखा ठेवला की दोघांतला गुंजारव एकमेकांना छेदतो. एकाचा कमी केला की तो पुन्हा ऐकू येतो. पडद्यापासून थोडे दूर सरकावे किंवा बसण्याची दिशा बदलावी, तेवढ्यानेही फरक पडतो. प्रिसिजन बेसला १९५७ पासून दोन तुकड्यांचा पिकअप आहे आणि त्यात ही गुणगुण मुळातच कटते, त्यामुळे संगणकाशेजारी सराव करणाऱ्यांना ती अधिक सोयीची पडते.

बॅटरीची गिटार घरी वापरण्यास हरकत नाही. सराव संपला की केबल काढून ठेवावी, कारण बहुतेक वाद्यांत केबल जोडलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. रोज उचलण्याच्या वाद्याला ही अट नसलेली बरी, म्हणून तेथे मी बॅटरीविना चालणारी गिटारच सुचवतो.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि तिला बेस गिटार शिकायची आहे. सध्या ती घरीच वाजवणार आहे. चार तारांची घ्यावी की पाच, आणि मोठी की छोटी?

उत्तर : चार तारांची घ्यावी. स्केल ठरवण्यासाठी दुकानात तिला खुर्चीवर बसवून वाद्य मांडीवर द्यावे आणि सर्वांत जाड तारेवर पहिल्या फ्रेटपर्यंत हात न्यायला सांगावे. खांदा पुढे न झुकवता आणि मनगट न मुडपता हात पोहोचत असेल तर ३४ इंची वाद्य चालेल, नाहीतर ३० इंची घ्यावे; पुढे बदलायचे झाल्यास शिकलेले वाया जात नाही. पट्टा लावून उभे करूनही पाहावे, कारण काही गिटारींचे डोके जड असते आणि हात सोडताच मान खाली झुकते. अशा वाद्यावर डावा हात स्वर दाबण्याऐवजी मान तोलण्यातच गुंततो आणि लहान मुले त्याने लवकर थकतात. वाद्य घेतल्यावर जाणकार कारागिराकडून तारांची उंची आणि मानेचा बाक नीट करून घ्यावा. उंच तारांमुळे पहिल्या महिन्यातच बोटे दुखून शिकणे सोडणारी मुले असतात, आणि हे काम बहुधा एकाच भेटीत होते.