येऊर नंतर, आधी उपवनची सपाटी

धावणं सुरू केल्याच्या पहिल्याच आठवड्यात ठाण्यातला येऊरचा डोंगर धावत चढून-उतरून आलात, हुरूप झकास आहे! मांड्या भरून आल्यात त्या चढामुळे कमी, उतारामुळे जास्त. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच गुडघ्याला ब्रेक लावतो आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक, मग ओसरतो. त्याला घाबरू नका.

सांध्यालगत नेमकं बोट ठेवता येईल असं दुखणं, सूज किंवा लंगडणं असेल तर मात्र धावणं बंद, डॉक्टरांना दाखवा.

सध्या एवढंच:
- उपवन तलावाकाठी सपाटीवर, एक दिवसाआड.
- गप्पा मारता येतील इतकाच वेग. दम लागला की चाला, त्यात कमीपणा कसला?

नवशिके फसतात ते महिन्या-दोन महिन्यांनी. स्नायू लवकर तयार होतात. त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्या मागे राहतात. अंगात जोर आलेला असतो, म्हणून माणूस अंतर एकदम वाढवतो आणि टाचेमागची कंडरा धरते.

बूट झिजलेले नसले म्हणजे झालं. नी-कॅप, घड्याळ, प्रोटीनचे डबे नंतर बघू.