जुनी टीटी घेण्याआधी

भावा, दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी घ्यायची म्हणतोस, तर सगळे पैसे गाडीतच घालू नकोस. दहा लाख असतील तर गाडी साडेसात-आठचीच बघ. उरलेले पहिल्याच वर्षी टायर, ब्रेक आणि गिअरबॉक्सच्या ऑइलला लागतील.

बघायला सकाळी जा, आणि इंजिन आधी चालू करू नका असं मालकाला बजावून ठेव. बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री कर. चेनवाल्या २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनात चेन टेन्शनर, म्हणजे टायमिंग चेन ताणून धरणारा भाग, हीच खरी भीती. सुरू करताना काही सेकंद खडखड आली तर परत फिर. चेन सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच उघडावं लागतं. हे इंजिन ऑइलही पितं, म्हणून दोन सर्व्हिसच्या मध्ये किती टॉप-अप लागलं ते विचार. उत्तर चाचरत आलं, तर मी तरी ती गाडी सोडून देईन.

हायवेवर सगळ्याच गाड्या छान वाटतात. आपल्या बेळगावातल्या खडेबाजारच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर हळू चालव. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे झटके तिथेच कळतात.

कोल्हापूरची एमएच ०९ स्वस्त दिसली तरी एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स धरूनच भाव कर. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवलीस की बेळगावचा केए २२ नंबर घ्यावाच लागतो. इथला टॅक्स किती बसेल ते आरटीओत विचारूनच टोकन दे.