दर शनिवारी हरून येणारा मुलगा

जून म्हणजे मेलबर्नचा ऐन हिवाळा. आई-वडील दोघं माझ्याकडे सल्ला विचारायला आले होते, मुलगा आला नव्हता. आई म्हणाली, "ताई, हा दर शनिवारी हरून येतो आणि रविवारी कुणाशी बोलत नाही." वडील काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा १८ वर्षांचा, विद्यापीठाचं पहिलं वर्ष. पश्चिम उपनगरातल्या एका क्लबकडून फूटी खेळतो, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. अंडाकृती चेंडू, मैदानावर एका बाजूचे १८ जण, मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेनं धाडला की ६ गुण. मोसम सुरू होण्याआधी क्लबचे बरेच अनुभवी खेळाडू जास्त पैसे देणाऱ्या क्लबांत गेले. (उपनगरी क्लबांतही खेळाडूंना पैसे मिळतात, हे मला इथं बरीच वर्षं काढल्यावर कळलं.) मग क्लबनं जाहीर केलं, आता रीबिल्ड, म्हणजे नव्या पोरांना घेऊन संघ पुन्हा उभा करायचा. हा शब्द मला मुंबईतल्या पुनर्विकासासारखा वाटतो. टॉवर होणार हे नक्की, पण तोवर राहायचं कुठं, ते विचारायचं नाही. तर आमचा हा मुलगा ज्युनियरमधून थेट मुख्य संघात आला आणि संघ कधी ७०, तर कधी १०० गुणांनी हरायला लागला.

"सतत हरून त्याचा आत्मविश्वास कायमचा जाईल का? काढून घेऊ का त्याला तिथून?" दर हिवाळ्यात कुणी ना कुणी आई-बाप मला हे विचारतातच.

वहीत दर सामन्याचं एक पान होतं. किक किती, हँडबॉल (मुठीनं मारून दिलेला पास) किती, झेल किती. वडील हिशेब तपासणीच्या नोकरीत आहेत. घरी येताना गाडीत ते आकडे वाचून दाखवायचे, अगदी प्रेमानं. पण मुलगा खेळतो रक म्हणून. पंच चेंडू वर उडवतो, तेव्हा दोन उंच खेळाडू उडी मारून तो आपल्या साथीदाराकडे ढकलतात, त्यातला एक हा. त्याची निम्मी मेहनत या वहीच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. हा ६ फूट ५ इंच, वजन ७९ किलो. समोर तिशी ओलांडलेले, शंभर किलोचे गडी.

मुलाच्या पहिल्या भेटीत मीही चुकले. हार माणसाला कशी घडवते वगैरे बरंच बोलले. त्यानं आदरानं मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. दुसऱ्या वेळी मी एवढंच विचारलं, "शनिवारी तुला नेमकं काय करायला सांगितलेलं असतं?"

तो बराच वेळ गप्प राहिला. "कॉन्टेस्ट करायला, मावशी."

"म्हणजे काय?"

"तेच तर कळत नाही."

प्रशिक्षक भला माणूस होता, पण सामन्याच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव भागात, चार वेगवेगळ्या गोष्टी ओरडून सांगायचा. संघातला दुसरा रकही १९ वर्षांचाच. हा शुक्रवारी रात्री झोपायचा नाही, शनिवारी सकाळी जेवण जायचं नाही.

माझं मत आता पक्कं झालंय. नुसत्या हरण्यानं पोरं मोडत नाहीत. आपल्याकडून काय हवंय आणि आपण कशानं मोजले जातोय, हे कळेनासं झालं की मोडतात. आणि जिंकणं हे काही कवच नव्हे. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, तो) सगळ्यात पहिला निवडला गेलेला टॉम बॉइड २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जच्या विजेत्या संघात होता, आणि २०१९ मध्ये २३ व्या वर्षी निवृत्त झाला. आपल्या नैराश्याबद्दल तो उघडपणे बोलला आहे.

वडिलांना आकडे आवडतात, म्हणून त्यांना मेलबर्न क्लबचा २००९ चा ड्राफ्ट सांगितला. व्यावसायिक लीगमध्ये तळाच्या संघाला नवी पोरं आधी निवडायला मिळतात. त्या वर्षी पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक मेलबर्नकडे होते. पहिला, टॉम स्कली, दोन मोसमांनी सिडनीतल्या नव्या संघात गेला. दुसऱ्याला, जॅक ट्रेन्गोव्हला, २० व्या वर्षी सहकर्णधार केलं, लीगच्या इतिहासातला सर्वांत तरुण कर्णधार. पुढं पायाच्या दुखापतीनं त्याची उमेदीची वर्षं गेली. त्याच ड्राफ्टमध्ये ३४ व्या क्रमांकावर एक लांबडा रक घेतला होता, मॅक्स गॉन. गुडघ्याच्या दुखापतींनी त्याची सुरुवातीची वर्षं खाल्ली. लीगभरातून निवडतात त्या वर्षाच्या सर्वोत्तम संघात तो पहिल्यांदा आला २०१६ मध्ये. आणि २०२१ मध्ये मेलबर्ननं ५७ वर्षांनी करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार तोच होता. उंच पोरांचं अंग भरायला वेळ लागतो.

वडिलांनी हे सगळं टिपून घेतलं. मला जरा भीतीच वाटली. ३४ व्या क्रमांकावर निवडून पुढं कुणाच्याच लक्षात न राहिलेली पोरंही असतातच की. म्हणून ब्रिस्बेनचीही गोष्ट सांगितली. हा संघ २०१७ मध्ये तळाला होता, पोरांनी भरलेला. २०१८ साठी त्यांनी ल्यूक हॉजला आणलं. हॉथॉर्नला लागोपाठ तीन करंडक जिंकून देणारा कर्णधार, वय ३३, त्या क्लबचा निरोप घेऊन झालेला. तो पोरांच्या शेजारी उभा राहून सामन्याच्या मध्येच त्यांना जागा दाखवायचा. त्या वर्षीही जिंकले पाचच सामने. पुढच्या वर्षी १६.

वडील माण तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. वही मिटून म्हणाले, "दोन गोऱ्हे एका जुवाला जुंपले की तास वाकडा जातो. एक जुना बैल लागतो." मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, "इथं तर दोन्ही गोऱ्हेच आहेत."

ह्यापुढचं मी करण्यासारखं नव्हतं. मुलगा सज्ञान, प्रशिक्षकाला मी फोन करणं बरोबर नाही, वडिलांनी करणं तर मुळीच नाही. मुलानंच जाऊन दोन गोष्टी विचारायचं ठरलं. शनिवारी माझं एकच काम कोणतं? आणि मी कुणाकडून शिकू?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अवघड निघालं. क्लबच्या रिझर्व्ह्जमध्ये, म्हणजे दुसऱ्या फळीत, ३४ वर्षांचा एक प्लंबर रक खेळत होता. गुडघे गेलेले, पण उडीची वेळ अचूक. प्रशिक्षक म्हणाला, चार आठवडे त्याच्याबरोबर खेळ. घरी त्यावरून मोठं भांडण झालं. आत्तापर्यंत बैलाचं बोलणारे वडीलच म्हणाले, "म्हणजे खाली उतरवलं तुला!" आई रडत फोनवर होती. समजणं एक आणि पोराचं नाव खालच्या यादीत वाचणं वेगळं, हे मी त्यांच्याशी बोलताना विसरले होते.

चार आठवड्यांत प्लंबरनं त्याला एकच गोष्ट शिकवली. आधी पायाची जागा पकड, मग उडी मार, हात शेवटी. तो पुन्हा मुख्य संघात आला तेव्हा संघ ७१ गुणांनी हरला. त्या शुक्रवारी तो झोपला होता, असं आईनं सांगितलं.

क्लब सोडूच नये, असं माझं म्हणणं नाही. शिकवणारं मोठं माणूसच तिथं नसेल, किंवा दुखऱ्या अंगानं खेळवत असतील, तर खुशाल सोडा. आणि झोप, जेवण, मित्र दोन-तीन आठवडे तुटलेले दिसले तर मोसम संपायची वाट पाहू नका. जीपीकडून, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून, मेंटल हेल्थ प्लॅन करून घ्या, मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना मानसोपचाराच्या वर्षाला १० सत्रांपर्यंत हातभार लावतं.

ऑगस्टमध्ये वडील एकटे आले. वहीत एकच रकाना उरला होता, 'पायाची जागा'. त्याखाली काड्या मारलेल्या. "हे तुम्हाला कुंपणापासून दिसतं?" मी विचारलं.

"नीट नाही दिसत. मग तोच गाडीत सांगतो." निघताना दारात थांबले. धाकटी मुलगी बारा वर्षांची, तिलाही आता मुलींच्या संघात जायचंय. "त्यांनी यंदा एकही सामना जिंकलेला नाही. ह्या वेळी तुमच्याकडे आधीच यावं म्हटलं."