क्रम मोडून झालेलं काम शेड्युलमध्ये कसं मांडायचं?

प्रश्न : नाशिक जिल्ह्यात पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनचं काम चालू आहे. मी प्लॅनिंग बघतो. प्रिमावेरा पी-6 या शेड्युलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मासिक अपडेट करून एफ-9 (तारखा पुन्हा मोजायची कळ) दाबलं की लॉगमध्ये ‘आउट ऑफ सीक्वेन्स’, म्हणजे ठरलेला क्रम मोडून झालेल्या, अ‍ॅक्टिव्हिटींची लांबलचक यादी येते. सेटिंग रिटेन्ड लॉजिक ठेवलं की प्रकल्प लांबतो, प्रोग्रेस ओव्हरराइड केलं की वेळेत संपतो. बरोबर कोणतं?

तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. 1,500 मीटरच्या टप्प्यात चर खोदायला 20 दिवस आणि पाइप टाकायला 15 दिवस धरले आहेत. दोन्हींमध्ये फिनिश टू स्टार्ट नातं आहे, म्हणजे खोदाई पूर्ण संपल्याशिवाय पाइप सुरू होणार नाही. साइटवर मात्र सुरुवातीचा चर तयार झाल्याबरोबर पाइपवाली टोळी उतरली, आणि ते योग्यच केलं. डेटा डेटला (ज्या तारखेपर्यंतची प्रगती भरली ती तारीख) खोदाईचे 8 दिवस शिल्लक आहेत, पाइपचे 5 दिवस झाले आणि 10 उरले.

रिटेन्ड लॉजिकमध्ये सॉफ्टवेअर मूळ नातं सोडत नाही. झालेले 5 दिवस ते मान्य करतं, पण उरलेले 10 दिवस खोदाई संपल्यावरच मोजतं. 8 अधिक 10, म्हणजे पाइप डेटा डेटपासून 18 व्या दिवशी संपणार. उद्यापासून 8 दिवस टोळी हात बांधून बसणार, असा त्याचा अर्थ. प्रोग्रेस ओव्हरराइडमध्ये पाइपचं काम सुरू झालं आहे म्हणून ते नातंच बाजूला ठेवलं जातं आणि उरलेलं काम लगेच पुढे चालतं. पाइप 10 व्या दिवशी संपतो.

खरी तारीख या दोन्हींत नाही. खोदाई संपल्यावर शेवटच्या तुकड्याचा तळ सपाट करणं, वाळूचा थर देणं आणि पाइप बसवणं याला 3 दिवस लागतात असं तुमच्या साइट इंजिनिअरने सांगितलं, तर पाइप 11 व्या दिवसाआधी संपू शकत नाही. हे शेड्युलमध्ये आणायचं तर फिनिश टू स्टार्ट काढा. त्या जागी स्टार्ट टू स्टार्ट (सुरुवातीला सुरुवात जोडणारं नातं) द्या, त्यात पहिला पुरेसा चर तयार व्हायला लागणारा लॅग, म्हणजे मधल्या दिवसांचं अंतर, ठेवा. शिवाय 3 दिवसांच्या लॅगचं फिनिश टू फिनिश (शेवटाला शेवट जोडणारं नातं) द्या. आता रिटेन्ड लॉजिकवरच एफ-9 दाबा, उत्तर 11 येईल आणि लॉगमधली ती ओळही जाईल.

तुम्ही म्हणाल, 10 आणि 11 मध्ये फरक तो किती! ओव्हरराइडवर विश्वास बसतो तो अशाच आकड्यांमुळे. आता समजा पुढे खडक लागला आणि खोदाईचे 8 चे 20 दिवस झाले. दुरुस्त केलेलं शेड्युल 23 वा दिवस सांगेल, जुन्या नात्यावरचं रिटेन्ड लॉजिक 30 वा सांगेल, आणि ओव्हरराइड तरीही 10 वाच दाखवेल. म्हणजे चर खोदून होण्याच्या 10 दिवस आधी पाइप टाकून झालेला! शिवाय खोदाईची पुढची कडी तुटल्यामुळे तिचा फ्लोट (प्रकल्प न लांबता काम किती दिवस उशीर सोसेल ते) थेट प्रकल्पाच्या शेवटापर्यंत मोजला जातो. सगळ्यांत अडचणीचं काम क्रिटिकल पाथवरून (प्रकल्पाची शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीतून) गायब होतं आणि आढावा बैठकीत त्यावर कुणी बोलतही नाही. मला ओव्हरराइडची सर्वांत जास्त भीती वाटते ती यासाठी.

म्हणून सेटिंग रिटेन्ड लॉजिकच ठेवा. पी-6 मध्ये मुळात तेच असतं, आणि अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने 2015 मध्ये काढलेल्या शेड्युल तपासणीच्या मार्गदर्शिकेचाही कल तिकडेच आहे. पण ते ठेवलं म्हणजे काम झालं असं मात्र मानू नका. लॉगमधली प्रत्येक ओळ सांगते की इथे तुम्ही मांडलेला क्रम साइटने पाळलेला नाही. तो का पाळला नाही हे विचारायला साइटवरच जावं लागतं.

प्रश्न : एवढी मोठी यादी दर महिन्याला एकेक करून तपासायची तर अपडेटला आठवडा जाईल. काही क्रम लावता येईल का?

येईल. आधी तारखा तपासा, लॉजिकला नंतर हात लावा. यादीतल्या बऱ्याच ओळी खोट्या ‘स्टार्ट’मुळे आलेल्या असतात. पाइप ट्रकमधून उतरले की साइटवरून ‘काम सुरू’ असा निरोप येतो, प्लॅनर अ‍ॅक्च्युअल स्टार्ट टाकतो. प्रत्यक्षात एकही पाइप चरात गेलेला नसतो. ती तारीख काढली की ओळ नाहीशी होते. काम सुरू झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे प्रत्येक प्रकारच्या कामासाठी साइट इंजिनिअरबरोबर एकदा बसून लिहून ठेवा.

दुसरा गट अडकलेल्या कामांचा. आधीचं काम 95 टक्क्यांवर महिनोन् महिने पडून असतं. रस्ता ओलांडणीचा एखादा छोटा तुकडा परवानगीसाठी थांबलेला असतो, आणि त्यामुळे त्याच्यानंतरचं सगळं अडल्यासारखं दिसतं. हा तुकडा वेगळी अ‍ॅक्टिव्हिटी म्हणून काढा, ज्या कामाला तो खरोखर लागतो त्यालाच जोडा (बहुतेकदा ते हायड्रॉलिक टेस्टिंग, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, असतं) आणि मूळ काम बंद करा. इथे नवं नातं द्यायला विसरू नका. तुकडा वेगळा काढून तो कशालाच जोडला नाही, तर ओव्हरराइडने जे केलं तेच तुम्ही हाताने केलं असं होईल.

उरलेल्या ओळी टोटल फ्लोटप्रमाणे लावा आणि कमी फ्लोटवाल्या आधी घ्या. फ्लोट भरपूर आहे म्हणून खालच्या ओळी सोडून द्यायच्या नाहीत, त्या पुढच्या आठवड्यात घ्या. कारण तो फ्लोटसुद्धा त्याच मोडलेल्या लॉजिकवर मोजलेला आहे.

प्रश्न : मी अबूधाबीत एका कंत्राटदार कंपनीत आहे. उशीर दिसू नये म्हणून वरिष्ठांनी ओव्हरराइड लावायला सांगितलं. कन्सल्टंटने अपडेट परत पाठवलं. आता मुदतवाढीच्या दाव्याची वेळ आली आहे. मी काय करू?

प्रथम तुमच्या करारातली प्रोग्रॅमविषयीची (म्हणजे शेड्युलविषयीची) कलमं आणि स्पेसिफिकेशन वाचा. कोणतं सेटिंग वापरायचं हे पुष्कळदा तिथेच लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं असेल तर चर्चा तिथेच संपते.

सेटिंग लपत नाही, हेही वरिष्ठांना सांगा. एक्सईआर फाइल (पी-6 मधून काढलेली शेड्युलची फाइल) पाठवली की तिच्यातल्या शेड्युल ऑप्शन्सच्या टेबलमधून निवडलेला पर्याय समोरच्याला कळतो. बांधकाम कायद्याच्या ब्रिटिश सोसायटीच्या विलंबविषयक प्रोटोकॉलमध्ये (दुसरी आवृत्ती, 2017) प्रोग्रॅम मूळ सॉफ्टवेअरच्या फाइलच्या रूपात द्यावा असंच म्हटलं आहे, आणि आखातातले अनेक कन्सल्टंट या प्रोटोकॉलचा आधार घेतात. एका महिन्यात रिटेन्ड, दुसऱ्या महिन्यात ओव्हरराइड असं दिसलं, की तुमच्या तारखा सरकल्या त्या कामामुळे की बटणामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. मग मालकाच्या उशिरामुळे झालेलं खरं नुकसानसुद्धा सिद्ध करणं कठीण होतं. ज्या अपडेटने आज उशीर झाकला, तेच उद्या तुमच्या दाव्याविरुद्ध पुरावा म्हणून समोर येईल.

रिटेन्ड लॉजिकवर परत या, पण मोडकी नाती तशीच ठेवून नाही. जुनी नाती ठेवून दाखवलेला फुगीर उशीर दाव्यात टिकत नाही, आणि टिकूही नये. प्रत्येक बदललेल्या नात्याची नोंद अपडेटच्या निवेदनात द्या : आधी काय होतं, आता काय आहे, साइटवर असं का घडलं. बदलाआधीची आणि बदलानंतरची शेवटची तारीख शेजारी शेजारी लिहा. ज्या महिन्यात क्रम मोडला त्याच महिन्यात ही नोंद व्हायला हवी. दोन वर्षांनी आठवून लिहिलेल्या कारणाला फारसं वजन राहत नाही.

प्रश्न : आम्ही पुण्यात मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरतो. त्यात रिटेन्ड लॉजिक, ओव्हरराइड असे पर्याय दिसतच नाहीत.

त्या नावांनी नाहीत. ऑप्शन्समधल्या शेड्युल टॅबवर ‘स्प्लिट इन-प्रोग्रेस टास्क्स’ अशी चौकट आहे. ती टिक असेल तर सुरू झालेल्या टास्कचा उरलेला भाग तोडून आधीच्या टास्कनंतर नेता येतो, म्हणजे साधारण रिटेन्ड लॉजिकसारखं. टिक काढली तर वागणूक ओव्हरराइडकडे झुकते.

तुमच्याकडे याहून मोठा धोका दुसरा आहे. पी-6 शेड्युल करताना उरलेलं काम डेटा डेटच्या पुढे ढकलतं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट तसं आपणहून करत नाही. स्टेटस डेट (त्यातली डेटा डेट) टाकल्यावर ‘अपडेट प्रोजेक्ट’मध्ये जाऊन न झालेलं काम त्या तारखेनंतर हलवावं लागतं. हे राहिलं तर गेल्या महिन्यात करायचं राहिलेलं काम गेल्या महिन्यातच दिसत राहतं, आणि शेवटची तारीख कितीही छान दिसली तरी ती खोटी असते.

प्रश्न : पी-6 मधला तिसरा पर्याय, ‘अ‍ॅक्च्युअल डेट्स’, कधी वापरायचा?

नेहमीच्या अपडेटसाठी वापरू नका. डेटा डेटनंतरची अ‍ॅक्च्युअल तारीख पडली असेल तर तिचाही तो हिशेब धरतो. अशी तारीख शेड्युलमध्ये असणं हीच चूक आहे. महिनाअखेरची डेटा डेट आणि पाच तारखेला हाती आलेला साइटचा रिपोर्ट, यातून ती शिरते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याशी संबंधित डीसीएमएच्या चौदा कसोट्यांमध्ये अवैध तारखांची वेगळी कसोटी आहे ती याचसाठी. तारीख दुरुस्त करा, पर्याय बदलू नका.

प्रश्न : आमच्या साहेबांना ‘आउट ऑफ सीक्वेन्स’ शून्य हवं आहे. शक्य आहे का?

अपडेट पाठवताना शून्य करता येतं, पण पुढच्या महिन्यात काही ओळी पुन्हा येणारच आणि त्यात गैर काही नाही. पाऊस लागला, जमीन ताब्यात आली नाही, क्रेन दुसरीकडे अडकली, तर चांगला साइट इंजिनिअर हाताशी असेल ते काम उचलतोच. त्याने तसं करू नये असा दबाव शेड्युलने आणायचा नसतो. साहेबांना शून्याऐवजी दुसरे दोन आकडे दाखवा : गेल्या महिन्यातल्या किती ओळी या महिन्यात कारणासह मिटल्या, आणि किती तशाच पुढे आल्या. दोन-तीन अपडेट ओलांडून आलेली ओळ दिसली, तर ती घेऊन त्या भागाच्या साइट इंजिनिअरला साहेबांसमोरच विचारा की या कामाला आधीचं काम खरंच लागतं का. तो नाही म्हणाला तर नातं त्याच बैठकीत काढा, आणि त्या कामाला खरोखर काय लागतं ते विचारून ते जोडा.